१९७२ची शेवरोले सी-१०: बुटकी करायची आहे, पण ओझंही वाहायचं आहे

जास्वंद
नमस्कार मंडळी. या विभागात नव्या एसयूव्हींचे धागे रग्गड आहेत, हा जरा जुन्या लोखंडाचा.

माझ्याकडे १९७२ची शेवरोले सी-१० पिकअप आहे. लांब हौद्याची, १२७ इंच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), ३५० घन इंचांचं व्ही-८ इंजिन, पुढे कंपनीचेच डिस्क ब्रेक. मी सॅन अँटोनियोजवळ राहते आणि सुतारकाम हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यामुळे गाडी शोभेची नाही. हौद्यात कधी प्लायवूड, कधी ओकच्या फळ्या, कधी बागेच्या मातीच्या गोण्या.

आता दुखणं. पुढचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, पार भुगा झालेत, शॉक (धक्के शोषणारे) नावापुरते उरलेत, आणि हायवेवर बाजूने ट्रेलर गेला की स्टिअरिंग धरून बसावं लागतं. सगळं उघडायचंच आहे, तर उंचीही कमी करावी असं मनात आहे. टेक्ससमध्ये या गाड्या खाली करण्याचं वेडच आहे. ज्याला विचारावं तो 'चार-सहा' म्हणतो, म्हणजे पुढून चार इंच आणि मागून सहा इंच खाली.

प्रश्न एवढाच: तीनशे-साडेतीनशे किलो माल घेऊन नीट चालेल अशी सी-१० किती खाली जाऊ शकते? दिसण्याबद्दलचे सल्ले नंतर घेईन.

कमानपाटा
ताई, आमचं गॅरेज कोल्हापूरला, शिरोली एमआयडीसीच्या अंगाला. आमच्याकडं गाडी खाली करायला कोण येत न्हाई, वर करायला येतात! उसाचा सीझन लागला की "पाट्यात दोन पानं वाढव" म्हणून रांग. त्यामुळं तुमचा धागा बघून आधी हसलो, मग नीट वाचला.

एक सांगा, मागं पाटे (एकावर एक पट्ट्या) हायेत का कॉइल (वेटोळ्याची स्प्रिंग)? पाटे असतील तर एक्सल पाट्याच्या खालून वर घ्यायचा, ठोकळा टाकायचा, झालं काम. कॉइल असतील तर खेळ वेगळा.

जास्वंद
कॉइल आहेत. १९६७ ते ७२च्या शेवरोलेत मागे ट्रेलिंग आर्म आणि कॉइल हीच नेहमीची रचना, पाटे मागवून घ्यावे लागत. त्याच गाडीची जीएमसी नावाने विकली जाणारी भावंडं मात्र पाट्यांवर येत. १९७३ला गाडीचा पूर्ण साचा बदलला आणि मग शेवरोलेलाही मागे पाटे आले.

मुक्ता_पी
मला गाडीतलं पंक्चरपलीकडे काही कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. ट्रेलिंग आर्म म्हणजे काय? आणि मुळात कंपनीने गाडी मागून उंच का ठेवली?

तिसरा गिअर
मुक्ता, दुसरा प्रश्न आधी. रिकामी असताना मागून उंच, कारण माल भरल्यावर ती सपाट व्हावी. ही गाडी शेतावर चारा नि खत वाहायला बनवलेली. म्हणूनच गाडी खाली करताना मागून पुढच्यापेक्षा दोन इंच जास्त घेतात. 'चार-सहा'चा उगम तोच: सहा वजा चार, गाडी सपाट दिसते. मालाचा विचार त्या आकड्यात कुठेच नाही.

ट्रेलिंग आर्म म्हणजे चेसीच्या मधल्या आडव्या पट्टीपासून निघून मागच्या एक्सलपर्यंत जाणारे दोन लांब हात. पुढच्या टोकाला बुश, मागच्या टोकाला यू-बोल्टने एक्सल घट्ट आवळलेला. एक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तिरका दांडा असतो, तो पॅनहार्ड रॉड. पाट्यांच्या गाडीत पाटा वजनही पेलतो आणि एक्सल जागेवरही धरतो. इथे ही दोन कामं वेगळी केली आहेत. स्प्रिंगने फक्त वजन पेलायचं. त्यामुळे रिकामी सी-१० तिच्या काळच्या पाट्याच्या पिकअपपेक्षा कमी आपटते.

जास्वंद, मी चाकणच्या एका कारखान्यात सस्पेन्शनवर काम करून निवृत्त झालो, थोडा बोलघेवडेपणा सहन करा. किती इंच खाली, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी जमिनीवर झोपून एक माप घ्या: मागचा एक्सल आणि त्याच्या वरचा रबरी ठोकळा, म्हणजे बंपस्टॉप, यांच्यात रिकाम्या गाडीला किती अंतर आहे? चाकाला वर यायला तेवढीच जागा. मालाने गाडी बसली की ती त्यातूनच जाते आणि खड्डाही त्यातूनच खातो. स्प्रिंग छोटी करून गाडी खाली केली की तीही त्यातूनच. संपली की एक्सल ठोकळ्यावर आपटतो, आणि त्या क्षणी तुमच्याकडे सस्पेन्शन नसतं.

डेट्रॉइटकर
काकांना +१. आणि एक गंमत: याच सी-१०च्या ट्रेलिंग आर्मची रचना अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या गाड्यांनी उचलली आणि तिथल्या सर्वोच्च कप सीरिजमध्ये २०२१च्या हंगामापर्यंत चालवली. तिथेही त्यांना 'ट्रक आर्म'च म्हणत. २०२२ला नव्या गाडीत मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं तेव्हा ती सुटली. शेतकऱ्याच्या पिकअपचे हात ताशी तीनशे किलोमीटरवर चालले म्हणजे बघा!

माझ्याकडे १९७०ची फोर्ड एफ-१०० आहे आणि मला तुमचा हेवा वाटतो. फोर्डने १९६५पासून पुढे ट्विन आय-बीम दिले. प्रत्येक चाकाला एक लांब घडीव तुळई, तिचं दुसरं टोक गाडीच्या पलीकडच्या बाजूला अडकवलेलं. मजबूत आहे, वादच नाही. पण नुसती स्प्रिंग छोटी केली की तुळई तिरकी होते आणि चाकं वरून आत झुकतात. टायर आतल्या कडेने खलास. त्यासाठी वाकवलेल्या वेगळ्या तुळया मिळतात. कित्येक जण तर वैतागून २००३नंतरच्या क्राउन व्हिक्टोरियाचं अख्खं पुढचं सस्पेन्शनच खाली घालतात. सी-१०ला पुढे दोन आर्म आणि मध्ये कॉइल असल्याने ही डोकेदुखी नाही.

माझं मत: एअरबॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या, लावा. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. झगडा संपला.

खवट
पन्नास वर्षं टिकलेली गाडी, आता हिच्या पोटाला जमीन लावायची. उद्या वाड्याच्या जोत्यावर टाइल्स बसवा. जशी आहे तशी ठेवायची अक्कल कुणाला सुचत नाही का?

जास्वंद
खवट, या गाडीला माझ्या आधीच्या मालकाने दोनदा रंग दिलाय, इंजिन एकदा बदललंय आणि हौद्याची लाकडी फळी मी स्वतः घातलीय. 'जशी आहे तशी' नक्की कुठल्या सालची ठेवू? शिवाय जे काही करणार ते बोल्टने सुटणारं असावं, ही माझी अट आहेच.

डेट्रॉइटकर, बॅगचा विचार केला होता. कॉम्प्रेसर, टाकी, वाल्व, नळ्या, वायरिंग... कामाच्या गाडीत बिघडायला तेवढ्या जागा नकोत. हिवाळ्यात एखादी नळी गळाली आणि गाडी फळ्यांसकट बसली तर गिऱ्हाईक थांबणार नाही.

काका, माप घेतलं. मागे रिकाम्या गाडीला एक्सल ते ठोकळा साडेसहा इंच.

तिसरा गिअर
म्हणजे उत्तर तुमच्याच मापात आहे. सहा इंच खाली घेतली तर उरला अर्धा इंच. त्यावर गाडी रिकामीसुद्धा चालवू नये. म्हणून एवढं खाली जाणारे चेसीला एक्सलच्या वर अर्धगोल खाच पाडून तिला जाड पट्टीने मजबुती देतात आणि ठोकळा वर सरकवतात. ते रीतसर होतं, पण ते चेसी कापणं आहे. तुमच्या अटीत बसत नाही.

चार इंच घेतली तर उरले अडीच. ठोकळा बुटका लावला तर आणखी एखादा इंच, साडेतीन. इथपर्यंत मी सही करीन.

पुढच्या बाजूला मात्र फुकटचे अडीच इंच मिळतात. आपल्याकडे गॅरेजात ज्याला स्टब एक्सल म्हणतात तो भाग बदलून मिळतो. त्यात चाकाची दांडी अडीच इंच वर सरकवलेली असते. दांडी वर म्हणजे गाडी खाली. पण आर्म आणि स्प्रिंग आहेत त्याच जागी, त्याच कोनात. ठोकळ्याचं अंतर तेवढंच राहतं, कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, बिघडत नाही. पैसे टाकायचे तर आधी इथे टाका. मात्र काही नमुन्यांनी चाक थोडं बाहेर येतं, टायर मडगार्डला घासतो का ते चाक पूर्ण वळवून बघा. आणि तुमची १९७२ची, म्हणजे पाच बोल्टांची, ५ इंच वर्तुळाची चाकं. १९७०पर्यंतच्या सहा बोल्टांच्या गाड्यांसाठीचे सुटे भाग घेऊन बसू नका.

कमानपाटा
काका, आमच्या हिकडं पोरं गॅस कटर घेऊन कॉइलची एक वेटोळी उडवत्यात. न्हाईतर बर्नर मारून स्प्रिंग लाल करून बसवत्यात. पाचशे रुपयात गाडी खाली. त्याचं काय?

तिसरा गिअर
बर्नरचं उत्तर एका शब्दात: नको. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला पाणी देऊन, मग टेंपर करून तयार केलेलं असतं. लाल केलंत की ते टेंपर गेलं. आज बसते, उद्या आणखी बसते, परवा तुटते.

कापण्याचं गणित वेगळं. गोल तारेच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेटोळी होती, एक कापली, सात राहिली: कडकपणा आठ भागिले सात, म्हणजे सुमारे १४ टक्के वाढला. ग्राइंडरने थंड कापली तर पोलादाला काही होत नाही. पण सी-१०च्या पुढच्या बाजूला स्प्रिंग आर्मच्या मधोमध कुठेतरी बसते, त्यामुळे स्प्रिंग एक इंच छोटी झाली की चाकाशी गाडी दीड-दोन इंच खाली येते. पोरं ते विसरतात आणि एका वेटोळीत गाडी जमिनीला टेकते. तयार स्प्रिंग फार महाग नाहीत, त्याच घ्या.

लालडबा
मध्येच विचारतो. माझ्या मामांकडे साताऱ्याला जुनी पिकअप आहे. हे सगळं भारतात चालेल का, की आरटीओ गाडी ओढून नेईल?

घाटवळण
वकील म्हणून सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. झिजलेले बुश आणि शॉक तशाच सुट्या भागांनी बदलणं ही दुरुस्ती. चेसी कापणं हा बदल. मधल्या गोष्टींसाठी आरटीओला आधी लेखी विचारलेलं बरं.

गाडी पन्नासच्या वर असेल तर आणखी एक. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. मामांना त्या पाटीचा मोह असेल तर त्यांनी ग्राइंडर कपाटातच ठेवावा.

खवट
मुद्दा तोच तर मी मांडत होतो.

जास्वंद
टेक्ससमध्ये तेवढं कडक नाही. २०२५पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीही बंद झाली आहे. म्हणजे आता चूक पकडणारं कुणी नाही, स्वतःच बघायचं.

तर ठरलं असं: पुढे अडीच इंचाचे स्टब एक्सल आणि एक इंच बुटक्या स्प्रिंग. मागे चार इंच बुटक्या कॉइल, बुटके ठोकळे, त्या उंचीला साजेसे आखूड शॉक आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड. बुश रबराचेच. पॉलियुरेथेन टिकतात खरे, पण नीट ग्रीस न पोचल्याने करकरणाऱ्या गाड्या इथे इतक्या ऐकल्यात की नको वाटतं.

कमानपाटा
कॉइल काढताना जपून हां ताई. पाटा सुटला तर पायावर पडतोय, कॉइल सुटली तर थेट डोसक्यात. खालच्या आर्मखाली जॅक लावा, स्प्रिंगच्या मधनं जाड साखळी ओवून चेसीला बांधा, आणि जॅक अगदी हळू उतरवा. तोंड समोर ठेवू नका. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, विटांवर न्हाई.

डेट्रॉइटकर
पॅनहार्ड रॉड गाडी चाकांवर उभी असताना शक्य तितका जमिनीला समांतर ठेवा. तो वर्तुळाच्या कंसात फिरतो, म्हणून गाडी खाली आली की एक्सल बाजूला सरकतो. मापून दोन्हीकडचं अंतर सारखं करा. लांबी बदलणारा रॉड त्याचसाठी.

मुक्ता_पी
हे माझ्या वर्षभरातल्या सगळ्यात आवडत्या धाग्यांपैकी आहे आणि माझ्याकडे स्कूटर आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

जास्वंद
काम झालं, गाडी चाकांवर आहे. पुढचं सगळं विनातक्रार बसलं. सर्वात जास्त वेळ गेला तो जुने रिव्हेट आणि गंजलेले बोल्ट सोडवण्यात, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मागे मात्र एक नवीन पाहुणा आलाय. ताशी ९० किलोमीटरच्या पुढे सीटखालून घरघर येते. वेग वाढला की वाढते, क्लच दाबला तरी जात नाही. चाकांचं बॅलन्सिंग करून झालं.

तिसरा गिअर
इंजिनाशी संबंध नाही, वेगाशी आहे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणारा दांडा. मला हेच अपेक्षित होतं.

तुमच्या गाडीत एक्सल ट्रेलिंग आर्मला आवळलेला आहे. आर्म वर फिरला की एक्सलही त्याच्याबरोबर फिरतो. गाडी खाली आली म्हणजे चेसीच्या मानाने एक्सल वर गेला, आणि डिफरन्शियलचं (एक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) नाक खाली झुकलं. आर्म चार फूट लांब धरला तर चार इंचांना जवळपास पाच अंश होतात. शाफ्टच्या टोकाच्या सांध्याला, म्हणजे क्रॉसला, हे सोसत नाही. गिअरबॉक्सची दांडी आणि डिफरन्शियलची दांडी शक्यतो समांतर हवी, आणि प्रत्येक क्रॉसवर एक ते तीन अंशांचा कोन चांगला. शून्यही नको, नाहीतर क्रॉसमधल्या सुया एकाच जागी बसून खाच पाडतात.

आर्म आणि एक्सल यांच्यामध्ये घालायच्या पाचरी मिळतात. कोन मोजायचं साधन वीस-पंचवीस डॉलरला मिळतं. गाडी चाकांवर उभी असताना मोजा, जॅकवर टांगलेली असताना नव्हे. तुमच्या लांब हौद्याच्या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, मग मधल्या बेअरिंगची उंचीही तपासा. पुष्कळदा ते थोडं वर घ्यावं लागतं.

कमानपाटा
आणि क्रॉस हातानं हलवून बघा. खटखट केला तर पाचर घालून काय उपयोग, आधी तोच बदला.

जास्वंद
काका, कमानपाटा, दोघांनाही दंडवत. दोन्हीकडे पाचरी घातल्या, मधलं बेअरिंग अर्धा इंच वर घेतलं. मागचा क्रॉस खरंच ढिला होता, तोही बदलला. घरघर गेली. एकशे दहाला रेडिओ ऐकू येतो.

अलाइनमेंटवाल्याने कंपनीचे जुने आकडे लावायचा हट्ट धरला होता. ते त्या काळच्या बायस टायरसाठीचे आहेत. रेडियल आणि पॉवर स्टिअरिंगला कास्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकाव) जास्त हवा. मग मीच कागदावर लिहून दिलं: कास्टर अधिक चार अंश, कँबर उणे पाव, टो-इन (चाकांचं पुढून आत वळणं) एकूण एक अष्टमांश इंच. शिम (पातळ चकत्या) लावून कसाबसा साडेतीन अंश कास्टर निघाला, मूळचे वरचे आर्म ठेवले तर त्यापुढे जात नाही म्हणाला. तेवढ्यावरही हायवेवरचं भिरभिरणं संपलंय.

आता मालाचं. हौद्यात मागच्या एक्सलच्या वर वाळूच्या गोण्या रचल्या, ३२० किलो. मागून सव्वा इंच बसली. म्हणजे ठोकळ्यापर्यंत अजून सव्वादोन इंच शिल्लक आहेत. घराजवळच्या रेल्वे फाटकावर मुद्दाम नेली, आपटली नाही.

डेट्रॉइटकर
सव्वादोन पुरतील, पण ओकने हौदा पूर्ण भरलात तर? कॉइलच्या पोटात बसणारी छोटी रबरी हवेची पिशवी मिळते. कॉम्प्रेसर नको, सायकलच्या पंपाने भरता येते. रिकामी असताना ५ पीएसआय हवेचा दाब, माल असेल त्या दिवशी वाढवायची. एकदम रिकामी मात्र ठेवायची नाही, चिमटून फाटते. माझ्या पहिल्या सल्ल्याची ही गरीब बहीण समजा.

जास्वंद
ही मागवते. हिच्यात बिघडण्यासारखं एकच आहे, आणि बिघडली तरी गाडी स्प्रिंगवर उभी राहील.

तिसरा गिअर
उत्तम. फक्त पिशवी भरून गाडीची वजन वाहायची मर्यादा वाढत नाही हे ध्यानात असू द्या. एक्सल, चाकाचे बेअरिंग, ब्रेक सगळे १९७२चेच आहेत. दाराजवळच्या पाटीवर जो एकूण वजनाचा आकडा आहे तोच खरा.

दोन किरकोळ कामं. गाडीचा पवित्रा बदललाय, तेव्हा हेडलाइट भिंतीवर टाकून पुन्हा लावा. आणि रबरी बुशचे बोल्ट तुम्ही गाडी घोड्यांवर असतानाच आवळले असतील तर ते सगळे ढिले करा, गाडी चाकांवर उभी करा, आणि मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं.

जास्वंद
पुढचे चाकांवर आवळलेत. ट्रेलिंग आर्मचे पुढचे दोन राहिले, शनिवारी करते.

कमानपाटा
काढलेल्या जुन्या स्प्रिंगा भंगारात घालू नका ताई. तेल लावून, नाव लिहून माळ्यावर टाका. खवटरावांना विकायची वेळ आली तर मूळच्या बसवून देता येतील.

खवट
किंमत सांगा.